अपवादा, तुझा हिशेब

अपवादा,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपली रीत. तुझ्यापुढे माझे हात जुळत नाहीत, म्हणून थेट हिशेबालाच बसतो.

६ डिसेंबर १८६५ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर झाली. गुलामगिरी आणि सक्तीची मजुरी या देशात राहणार नाही, असं ती सांगते. पण त्याच वाक्याच्या पोटात तू दडून बसलास: रीतसर दोषी ठरलेल्याला शिक्षा म्हणून असेल, तर चालेल. इंग्रजीत मोजून चौदा शब्द. तुझी भाषा १७८७ च्या एका जुन्या कायद्यातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली. लिहिणाऱ्यांच्या मनात पापच होतं, असा आरोप मी करत नाही. पण दार उघडं राहिलं, आणि त्यातून कोण आत शिरलं ते तू पाहिलं आहेस.

मिसिसिपीला तर तुझ्या मंजुरीपर्यंतही दम निघाला नाही. नोव्हेंबर १८६५ मध्येच तिथे कायदा झाला. ज्या काळ्या माणसाकडे काम नाही तो भटका. भटकणं हा गुन्हा, गुन्ह्याला दंड, आणि दंड भरायला खिशात दमडी नाही, म्हणून जो गोरा तो दंड भरेल त्याच्या शेतावर शेरीफने त्याला जुंपायचं. काल ज्या मळ्यातून सुटला, त्याच मळ्यात आज आरोपी म्हणून परत. याच राज्याने तेरावी दुरुस्ती मान्य करायला १९९५ साल उजाडू दिलं, आणि त्याची कागदोपत्री नोंद व्हायला २०१३.

मग कैदी भाड्याने द्यायचा धंदा सुरू झाला. खाणी, रेल्वेमार्ग, उसाचे मळे, जो पैसे मोजेल त्याला माणसं. गुलाम विकत घ्यावा लागे, तो मेला तर मालकाचा पैसा बुडे. भाड्याचा कैदी मेला तर तुरुंगातून दुसरा येई. १८९८ साली अलाबामा राज्याच्या उत्पन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग याच भाड्यातून आला होता. हा धंदा तिथे थांबला १९२८ साली.

टेक्सासमध्ये शुगर लँड नावाचं गाव आहे. २०१८ मध्ये तिथे शाळेच्या बांधकामासाठी जमीन खणताना ९५ जणांचे सांगाडे निघाले. सगळे काळे, एक बाई सोडली तर सगळे पुरुष, आणि त्यांत जेमतेम चौदा वर्षांचा एक पोरगाही असावा. जड कामाने झिजलेली हाडं, सोबत साखळ्या. उसाच्या मळ्यांवर राबवून मारलेले हे भाड्याचे कैदी होते. एकाच्याही थडग्यावर नाव नव्हतं.

हा जुना इतिहास झाला, असं तुझे वकील म्हणतील. मग लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात चल. अठरा हजार एकर जमीन. इथे आयझॅक फ्रँकलिन या गुलामांच्या व्यापाऱ्याचे मळे होते. नावही आफ्रिकेतल्या देशाचंच. आजही तिथे कैद्यांची रांग शेतात उतरते, हातात कुदळी, आणि बाजूला घोड्यावर बंदूक घेतलेला पहारेकरी. मजुरी तासाला दोन सेंट, म्हणजे एक डॉलर हातात पडायला पन्नास तास. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशाला आदेश द्यावा लागला, की या माणसांना उन्हापासून जपा. टेक्सासमध्ये तर तुरुंगातल्या बहुतेक कामांना एक सेंटही मिळत नाही. घोडे परवडतात, बंदुका परवडतात, भिंती परवडतात. घाम गाळणाऱ्याची मजुरी तेवढी परवडत नाही होय?

“गुन्हा केलाय, फोडू दे खडी,” हे वाक्य आपल्याकडेही कट्ट्यावर सहज ऐकू येतं. पण शिक्षा म्हणजे मोकळं फिरणं जाणं. हातांची मालकी जाणं नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ साली सांगितलं, की सक्तमजुरीच्या कैद्यालाही कामाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे.

तुझ्यावरचा माझा सर्वांत मोठा राग मात्र वेगळाच आहे. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या माणसांना, त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. किती मोठ्या मनाची कृतज्ञता ती! त्याच्या दोनच वर्षं आधी व्हर्जिनियातल्या न्यायालयाने कैदी हा राज्याचा गुलाम असल्याचं निकालात लिहिलं होतं. आमच्या जोतीरावांनी ज्या लोकांचे आभार मानले, त्यांचं काम तू अर्ध्यावर नासवलंस. हे मी विसरू शकत नाही.

कोलोरॅडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यघटनेतून तुला हाकललं. नेब्रास्का आणि युटाने २०२० मध्ये. अलाबामानेही २०२२ मध्ये मतदान करून तुला काढलं. कॅलिफोर्नियात मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि लोकांनी नकार दिला. देशाच्या घटनेत तू अजून तसाच आहेस. तिथून तुला काढायला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते.

पत्र तुझ्या नावाचं असलं तरी उघडं आहे, म्हणून शेवटचे शब्द तुझ्यासाठी नाहीत. कॅलिफोर्नियात हजारो मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांना तिथे मताचा हक्क आहे. जोतीरावांचं नाव घेणाऱ्या त्या माझ्या माणसांना विनंती: हा प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर येईल तेव्हा घरी बसू नका, आणि तो रकाना कोरा सोडू नका.