निष्ठा बुलेटवर, फेरी स्प्लेंडरवर

कर्नाटकातल्या भालकीत चहाच्या टपरीवर पक्ष बदललेला खपतो, गाडीची कंपनी बदललेली नाही. एक गट बुलेटचा, दुसरा आरएक्स १०० चा. आरएक्सचं उत्पादन १९९६ साली बंद झालं. भक्तांना ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. त्याच साली म्हैसूरचा येझदीचा कारखानाही बंद पडला, पण तिसरा गट ‘आपल्या राज्याची गाडी’ म्हणून अजून छाती फुगवतो.

वाद रंगला की जरा बाहेर डोकावावं. बुलेटवाला, आरएक्सवाला, येझदीवाला, सगळे आलेले असतात जुन्या स्प्लेंडरवर. टाकीवर पोरगं, मागं बायको, मधे उरलेल्या जागेत तुरीचं पोतं. या गाडीला सगळे ‘हिरो होंडा’च म्हणतात. त्या जोडप्याचा काडीमोड २०१० साली जाहीर झाला. आमच्याकडची आमंत्रणं अजून जोडीनंच जातात.

गाडी बहुधा लातूर-उदगीरकडून स्वस्तात आणलेली, पाटी एमएच २४. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं, परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्या. म्हणजे तिकडची एनओसी, इकडचा कर, आणि आरटीओच्या खेपा वेगळ्याच. त्यापेक्षा पोलिसानं अडवलं की एक वाक्य पुरतं: ‘पाहुण्यांची आहे साहेब, कालच आणली.’

सात दिवाळ्या झाल्या. पाहुणे अजून न्यायला आलेले नाहीत.