दाढेतलं सिमेंट आणि गल्लीतला गवगवा

काकूंच्या नातवाच्या दाढेत डॉक्टरांनी प्लास्टिक भरलं, ही बातमी डाबकी रोडच्या आमच्या गल्लीत सकाळी निघाली आणि दुपारपर्यंत चार घरं फिरली. चौथ्या घरी पोचेस्तोवर त्या प्लास्टिकचं विष झालं होतं.

मी कॉलेजातून आले तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपाशी बैठक भरलेलीच होती. पलीकडे काकू आणि त्यांच्यापुढे वाळत घातलेल्या मूगवड्या, अलीकडे वरच्या मजल्यावरच्या वहिनी, आणि रस्त्याच्या बाजूनं ‘दोनच मिनिटं’ म्हणून आलेल्या मामी.

“आली वं माय केमिस्ट्रीवाली! सांग बरं आता,” काकू म्हणाल्या. “पोट्ट्याची दाढ किडली. म्या म्हटलं, चांदी भरून द्या, माह्या दाढेत कितीक वर्षांपासून आहे. तं डॉक्टर म्हणे, चांदी आता नाई भरत आम्ही, सिमेंट भरतो. भरलं, निया लाईट मारला, झालं. अन् आता मोबाईलवर आलं का त्या सिमेंटातून काहीबाही झिरपते म्हणते पोटात!”

“चांदीच बरी होती मंग,” वहिनी.

“वहिनी, चांदीत निम्मा पारा असतो,” मी म्हटलं. “युरोपात १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना ती भरणं २०१८ सालीच थांबलं. २०२५ पासून तर जवळपास सगळ्यांनाच बंद. आपल्या देशानंही पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१८ मध्ये मंजूर केला, त्यात ही चांदी कमी करत नेण्याचं ठरलंय.”

काकूंची जीभ गालाच्या आतून जुन्या दाढेकडे गेलेली स्पष्ट दिसली. मी घाईनं सांगितलं, की नीट बसलेली चांदी उगाच उकरायची नसते, उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

“मंग हे पांढरं काय तिच्याहून सोवळं आहे?” वहिनींनी नेमकं विचारलं.

सोवळं नाहीच. काकू ज्याला सिमेंट म्हणतात ती खरं तर काचेची बारीक पूड, रेझिनमध्ये कालवलेली. राफेल बोवेन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं त्यातलं मुख्य रेझिन शोधलं, १९६२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याचं नाव बिस-जीएमए. हे ज्या कच्च्या मालापासून बनतं त्यात बिस्फेनॉल-ए असतं. दुधाच्या बाटल्यांवर ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं असतं ना, तेच बीपीए. बिस-जीएमए मधासारखं घट्ट, म्हणून ते पातळ करायला टीईजीडीएमए नावाचं दुसरं रसायन घालतात. आणि हे सगळं दगडासारखं व्हावं म्हणून त्यात चिमूटभर कॅम्फरक्विनोन. पिवळं असतं आणि निळा उजेड पिऊन कामाला लागतं. कापरापासून तयार होतं ते.

“कापूर? देवापुढचा?” मामींचे डोळे मोठे झाले.

“त्याच कुळातला. निळा उजेड पडला की हे पेटवण देतं आणि सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. पण सगळे हात जुळत नाहीत. शंभरातले पन्नास ते पंचाहत्तर जुळले तरी चांगलं काम झालं म्हणायचं.”

“अन् राहिलेले?”

“एका रेणूला दोन हात. एक जरी अडकला तरी तो जागचा हलत नाही. दोन्ही मोकळे राहिलेलेच थुंकीत सुटतात. काकू, चिक्कीचा पाक एका तारेनं कमी पडला तर काय होतं?”

“चिकटते दाताले.”

“तसंच. उजेड कमी पडला की भरणं आतून कच्चं राहतं, आणि कच्चं जास्त सुटतं. म्हणून डॉक्टर एकदम ढीग भरत नाहीत. साधारण दोन मिलिमीटरचा थर, वीस सेकंद उजेड, मग पुढचा थर. लाईटच्या टोकाला जुना मसाला चिकटलेला असला, यंत्र म्हातारं झालं किंवा टोक तिरपं धरलं, तर वरून कडक दिसतं आणि खाली कच्चं.”

झिरपणं खरं आहे, हे मी लपवलं नाही. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाढांच्या खाचांत भरायचं सीलंट लावलेल्या लोकांची थुंकी तपासली, तर तीत बीपीए सापडलं. मोठाच गदारोळ झाला. पुढे कळलं, की त्याचं मूळ बहुतेक बिस-डीएमए नावाच्या भावंडात. थुंकीतली पाचकं त्याला फोडून बीपीए मोकळं करतात. बिस-जीएमए तसं सहज फुटत नाही. शिवाय जे सुटायचं त्यातलं बरंचसं पहिल्या दिवसात सुटतं, मग ओघ आटत जातो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या ‘पेडियाट्रिक्स’ मासिकात २०१० मध्ये या सगळ्याचा आढावा आला. त्यात म्हटलं होतं, की भरून झाल्याबरोबर वरचा थर घासून-पुसून काढा, चूळ भरायला लावा, आणि गरोदरपणी जमेल तितकं हे काम पुढं ढकला.

“वरचा थरच कायले?”

“हवेतला ऑक्सिजन लागतो तिथं साखळी जुळतच नाही. भरणाच्या अंगावर चिकट साय राहते. पॉलिश केली की गेली.”

“आमच्या पोट्ट्याले पॉलिश केली का नाई, कोण पाह्यलं?” काकू चिंतेत पडल्या. “काढूनच टाकाव का मंग ते?”

“अजिबात नाही! पहिला दिवस केव्हाच सरला. आता मशीन फिरवली तर बसलेलं पुन्हा उघडं पडेल, भुकटी तोंडात जाईल आणि चांगला दातही थोडा जाईल. आणि किडकी दाढ तशीच ठेवली असती तर पू झाला असता, तो काय अमृत होता?”

तेवढ्यात मामांनी पोर्चमधून आवाज दिला. तोंड भरलेलं असल्यानं शब्द नीट आले नाहीत, पण अर्थ कळला: मेसेज त्यांनीच गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता आणि तो शंभर टक्के खरा होता.

मामींनी तिथल्या तिथं हिशेब मांडला. “पाहा वं काकू! याले दाढेतल्या प्लास्टिकचं भेव वाटते. अन् सकाईपासून तीन खर्रे झाले. पानठेल्यावर पन्नीत घोटते, पन्नीत बांधते, पन्नीतूनच तोंडात टाकते. चुना, तमाखू, सुपारी, सारं त्या पन्नीसंगं रगडलेलं!”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. सुपारीनं तोंडाचं आतलं कातडं राठ होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो, विदर्भातल्या दातांच्या दवाखान्यांत असे पेशंट रोजचे. मामांचं तोंड आता जेमतेम दोन बोटं उघडतं. मागच्या दाढेपर्यंत निळ्या लाईटचं टोक सरळ पोचायचं कसं? म्हणजे उद्या त्यांची दाढ भरायची वेळ आली तर नेमकी त्यांचीच कच्ची राहणार. मी हे जरा मोठ्यानंच सांगितलं. पोर्चमधून उत्तर आलं नाही.

“बीपीएचंच भ्या असेल तं आणखी कुठी कुठी आहे ते?” वहिनींना यादी हवी होती.

दुकानातल्या गुळगुळीत बिलाच्या कागदावर असतं. आणि पाण्याच्या कडक, पारदर्शक, निळसर वीस लिटरी जारांतले बरेच पॉलिकार्बोनेटचे, तेही बीपीएपासूनच बनतात. उष्णतेनं त्यातलं जास्त सुटतं. काटेपूर्णा धरणाचं पाणी रोज नळाला येत नाही, खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं तोंडी लागत नाही, म्हणून जारची गाडी घरोघर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेलेला आणि जार उघड्या गाडीत उन्हात. दाढेतल्या भरणातून बरंचसं सुरुवातीलाच सुटतं, जारमधलं रोज पितो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली, ती प्रतिकारशक्तीवर होणारा त्याचा परिणाम पाहून.

“जारवाल्याले सावलीत उभी करायले लावतो गाडी,” काकूंनी ठराव केला.

इतका वेळ फाटकापाशी स्कूटी लावून तिसऱ्या घरातली पोरगी ऐकत उभी होती. ती एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिनं हळूच हात पुढं केला. “ताई, हे त्याच्यानंच का?” अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकांशी लाल, साल निघालेली, भेगा पडलेल्या. बाकीची बोटं साफ. घरी सगळे म्हणत होते, भांड्यांच्या साबणानं झालं.

साबण तीनच बोटं निवडत नाही. दातात भरायच्या आधीचं, उजेड न पडलेलं रेझिन याच बोटांनी धरतात. पेशंटच्या तोंडात ते काही मिनिटं कच्चं असतं, हिच्या हाताला दिवसभर. त्याआधी दाताला लावायच्या चिकट द्रवातल्या हेमा नावाच्या रसायनाची अॅलर्जी दंतवैद्यांत आणि मदतनिसांत जगभर आढळते. रबरी हातमोज्यातून ते काही मिनिटांत आरपार जातं, आणि पोरगी बिचारी एकच जोडी पेशंट संपेपर्यंत वापरते. एकदा अॅलर्जी जडली की सहसा जन्माची.

“हेमाच ना?” वहिनी दचकल्या. “आमच्या नणंदेनं लग्नासाठी जेलची नखं लावली, पार्लरात लाईटखाली हात धरून. त्याच्यातही हेच असते का?”

असतं. कातडीला लागलं, लाईट कमी पडला, तर तिथूनही अॅलर्जी सुरू होते, आणि मग पुढे कधी दात भरायला गेलं की तिथंही अडचण. मी पोरीला म्हटलं, आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखव, मोजे नायट्रिलचे घे, मसाला लागला की लगेच बदल, आणि शक्यतो बोटानं धरूच नको, चिमट्यानं धर.

“मोज्याचं सरांना म्हणायची हिंमत नाई होत,” ती म्हणाली.

काकूंनी पदर खोचला. “मी म्हणतो नं! पोट्ट्याची दुसरी दाढ आहेच भरायची. पहिले तुह्ये मोजे, मंग आमची दाढ. अन् लाईट मारते तेव्हा मी बाजूले उभी राहून एक ते वीस मोठ्यानं मोजीन. अठरावर थांबला तं पाह्यजो मंग.”

त्या दवाखान्यात काय घडलं, ते पुढच्या बैठकीत कळेलच.