लेखनकौशल्याचे प्रशिक्षण कसे द्यावे

प्रस्तुत मार्गदर्शिका प्राथमिक शिक्षकांना 'विद्यार्थ्यांचे लेखन' या विषयावर प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकांसाठी आहे. प्रस्तुत लेखकाने हे काम ११ वर्षे केले. त्या काळात किती मुले लिहिती झाली, ही माहिती कोणत्याही प्रपत्रात मागवलेली नसल्याने उपलब्ध नाही. किती शिक्षक हजर होते, ही माहिती तीन प्रतींत उपलब्ध आहे.

कलम १. तारीख. प्रशिक्षणासाठी अशी तारीख निवडावी की त्याच आठवड्यात शाळेत चाचणी असेल, पोषण आहाराचा तांदूळ उतरायचा असेल आणि एखादी ऑनलाइन माहिती 'आजच' भरायची असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. त्यामुळे उरलेल्या सर्व कामांना शैक्षणिक म्हणण्याची पद्धत आहे. आपणही तिला धरून राहावे.

कलम २. स्थळ. गटसाधन केंद्राचा हॉल. पंखे चार, चालू दोन. 'पुढच्या रांगा रिकाम्या आहेत, पुढे या' असे तीनदा म्हणावे. कोणी येत नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला कान धरून पुढे आणणारी हीच माणसे.

कलम ३. परिचयखेळ. टाळ्या वाजवाव्यात, वाजवून घ्याव्यात. जास्त खोलात जाऊ नये.

कलम ४. पीपीटी. हा प्रशिक्षणाचा आत्मा होय. पडद्यावर जे दिसते तेच मोठ्याने वाचावे, कारण समोरचे पदवीधर असले तरी वाचता येईलच असे गृहीत धरणे शास्त्रीय नाही. 'मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या' ही स्लाइड मी तालुक्यातल्या सहा केंद्रांत शब्दशः वाचली आहे. एकदा लाइट गेली, तेव्हा पुढे काय म्हणायचे ते मला आठवेना. वीस मिनिटे आम्ही सगळे लाइट यायची वाट बघत स्वस्थ बसलो. खरे सांगायचे तर त्या दिवसातला तोच भाग सगळ्यांना आवडला.

कलम ५. गटकार्य. प्रत्येक गटाला एक चार्टपेपर आणि तीन स्केचपेन द्यावेत, पैकी एक वाळलेला. ज्या मॅडमचे अक्षर चांगले त्या लिहितात. बाकीचे चौघे चार कोपरे धरतात. सादरीकरणाच्या वेळी कोपरे धरणाऱ्यांचा फोटो येईल असे पाहावे, लोकेशनसह.

कलम ६. प्रश्न घेऊ नयेत.

हे कलम मी उशिरा शिकलो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

निवृत्तीला दोन महिने उरलेल्या एक बाई मागच्या रांगेत बसून स्वेटर विणत होत्या. मी 'सर्जनशील लेखनाचे सात टप्पे' या स्लाइडवर होतो. बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि विचारले, "सर, तुम्ही स्वतः शेवटचं काय लिहिलंत?"

"अहवाल," मी म्हणालो. हॉल हसला.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधीही अहवालच होता. त्याच्या आधी अर्जित रजेचा अर्ज. निवड श्रेणीचा प्रस्ताव. मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आपण लिहिला असे मला बराच वेळ वाटत होते, पण तो प्रेसवाल्याच्या तयार नमुन्यांतला सात नंबर होता.

"मग आत्ता लिहू या की," बाई म्हणाल्या. "तुम्हीबी."

विषय त्यांनीच दिला: लहानपणी घरात लपवून ठेवलेली एक वस्तू. वेळ वीस मिनिटे. सुलभकांनी पुढील निरीक्षणे ध्यानात ठेवावीत, कारण ती कोणत्याही मॉड्यूलमध्ये नाहीत. हॉलमध्ये ४६ शिक्षक होते. पहिला प्रश्न आला, "किती ओळी?" दुसरा, "समास सोडायचा का?" तिसरा, "शीर्षक द्यायचं का?" एका सरांनी शेजाऱ्याच्या वहीत डोकावून पाहिले, तर शेजाऱ्याने कोपराने वही झाकली. दोघांना तहान लागली. एकाला बाहेर जायचे होते. वर्गात हे सगळे पोरे करतात तेव्हा आपण त्याला टंगळमंगळ म्हणतो. ती भीती असते, हे मला वयाच्या ५४ व्या वर्षी कळले, कारण माझेही पेन चालत नव्हते.

मी लिहिले ते बेअरिंगच्या छर्ऱ्याबद्दल. गावातल्या पिठाच्या गिरणीतून मी तो पळवला होता आणि तांदळाच्या डब्यात तळाशी लपवला होता. तो भातात शिजला आणि आजीच्या दाताखाली आला. नऊ ओळी झाल्या. चार खोडल्या. वाचून दाखवताना आवाज जरा हललाच. वाचून झाले तसे समोरून एका सरांनी विचारले, "मग आजीच्या दाताचं काय झालं?"

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

जेवताना माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. छर्रा हा शब्द मी चुकीचा लिहिला होता. विरामचिन्हे तर नव्हतीच. त्यावर कोणी बोलले नाही. सगळ्यांना दाताची पडली होती. आणि त्या प्रश्नामुळे मला आणखी पाच ओळी लिहाव्याशा वाटल्या, ज्या सात टप्प्यांमुळे मला एवढ्या वर्षांत कधी वाटल्या नव्हत्या.

कलम ७. वह्या तपासणे. येथे प्रस्तुत लेखकास कबुली देणे भाग आहे. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, आणि तेव्हापासून मराठी शाळेच्या निबंधातून दुसरा पक्षी फारसा उडालेला नाही. माझ्या चौथीच्या वर्गात 'माझा आवडता पक्षी' या विषयावर ३८ वह्यांत ३७ मोर होते, सगळ्यांना डोक्यावर तुरा आणि पावसात नाच. एका पोराने लिहिले होते की त्याने मोर पाहिलेला नाही. त्याला त्यांची तांबडी कोंबडी आवडते, पण 'पाव्हणे आले आन ती गेली. मी जेवलो नाय. मंग जेवलो.' मी लाल पेनाने 'आन', 'नाय' आणि 'मंग' यांना गोल केले आणि खाली लिहिले: विषयांतर. १० पैकी ३.

त्या 'मंग जेवलो' एवढे खरे वाक्य त्या वर्षी शाळेत दुसऱ्या कोणी लिहिले नाही, मुख्याध्यापक धरून. आता कळून काय उपयोग?

तर वही तपासताना आधी खाली एक प्रश्न लिहावा, वाचणाऱ्याला खरोखर पडलेला. 'पाव्हणे कोण होते?' एवढा पुरे. मूल उत्तर लिहिते, म्हणजे दुसरा खर्डा आपोआप होतो आणि त्याला खर्डा म्हणावे लागत नाही. चुका एका वेळी एकाच प्रकारच्या दाखवाव्यात. या आठवड्यात पूर्णविराम, तर फक्त पूर्णविराम, आणि ऱ्हस्व-दीर्घ दिसले तरी हात आवरावा. हे फार कठीण जाते. मला तर हॉटेलच्या पाटीवरचे 'जेवन' पाहूनही खिशातले पेन चाचपावे लागते. घरची बोली पहिल्या खर्ड्यात राहू द्यावी. भिंतीवर लावायच्या वेळी प्रमाण भाषेचे बघता येते, तेही मुलाला विचारून. ३८ वह्या रोज होत नाहीत. आठ होतात. आठच कराव्यात.

कलम ८. परदेशी दाखले. प्रशिक्षणात एक तरी असावा, त्याशिवाय पीपीटीला वजन येत नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांमधल्या शिक्षकांना बोलावले. त्यांचे म्हणणे दोनच गोष्टींचे होते: शिक्षकांनी एकमेकांना शिकवावे, आणि लेखन शिकवणाऱ्याने आधी स्वतः लिहावे. त्या 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट'चा पुढे देशभर 'नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट' झाला. स्वेटर विणणाऱ्या बाईंनी हे नाव ऐकलेले नव्हते. मीही नंतरच वाचले.

देशी दाखला त्याहून शंभर वर्षांनी जुना आहे. १८७४ च्या जानेवारीत एका सरकारी शाळामास्तराने 'निबंधमाला' काढली आणि तिचे ८४ अंक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि १८७९ साली त्यांनी नोकरीच सोडली. बदलीचे कारण मी सांगणार नाही. बदल्यांची कारणे सांगून झाली असती तर आमच्या शिक्षक संघटनांना काम उरले नसते. पण हा दाखला प्रशिक्षणात देऊ नये असे माझे मत आहे. मास्तर मनापासून लिहू लागला तर काय होते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवायला नको.

लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, त्याचे नाव मात्र अवश्य घ्यावे. आम्ही घेतो. टाळ्याही पडतात. मग पुढची स्लाइड.

कलम ९. तास. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास करून घ्यायचा आहे. माझा हिशेब असा: त्यातली वीस मिनिटे जरी गप्प बसून लिहिण्यात गेली, तरी ४९ तास ४० मिनिटे टाळ्या, चार्टपेपर आणि फोटोंना उरतात. कोणाचेच नुकसान नाही.

कलम १०. अभिप्राय. शेवटी सर्वांकडून फॉर्म भरून घ्यावा. 'प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त होते' हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवल्यास वेळ वाचतो. त्या दिवशीचे ४६ फॉर्म मी अजून ठेवले आहेत. ४५ फॉर्मवर अत्यंत उपयुक्त. एकावर, 'सुधारणेस वाव असलेल्या बाबी' या रकान्यात, विणकामासारख्या एकसारख्या अक्षरात: 'दाताचं राहिलं.'