कॅमेराद्वयनिर्णय, अर्थात द्रुतगतिचित्रणमीमांसा

एकादशीची तिथी दोन दिवसांवर विभागून आली तर उपास कोणत्या दिवशी धरावा, याचा निकाल आपल्या निर्णयग्रंथांनी केव्हाच लावून ठेवला आहे. स्मार्तांची आज, भागवतांची उद्या. पंचांगात दोन्ही छापतात आणि साबुदाणा दोन्ही दिवशी भिजतो. परंतु पळत्या, उडत्या, पडत्या आणि पाडल्या जाणाऱ्या जीवांचे छायाचित्र घेण्यासाठी कॅननचा सेव्हन डी मार्क टू घ्यावा की निकॉनचा डी ५००, या प्रश्नावर कमलाकर भट्टांनी निर्णयसिंधूत एक अक्षरही लिहिलेले नाही. ग्रंथ सतराव्या शतकातला, ही सबब एक वेळ मान्य करू. तथापि उणीव ती उणीवच. ती भरून काढण्यासाठी हा प्रबंध.

विषयाची मर्यादा आधीच सांगून टाकतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचा विचार येथे केलेला नाही. तो पंथ स्वतंत्र, त्याचे सोवळेओवळे वेगळे. ‘मोबाइलवरही छान येतात हो’ असे ज्यांचे मत आहे, त्यांनी पान उलटावे.

प्रथम वंशवेल. कॅननचे मूळ १९३३ साली टोकियोत निघालेल्या एका प्रयोगशाळेत सापडते. तिथे दुसऱ्याच वर्षी जो नमुना कॅमेरा घडवला गेला त्याचे नाव ठेवले ‘क्वानॉन’, बौद्धांच्या करुणामय देवतेवरून. ही देवता म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तोच. म्हणजे कॅननवाल्यांना थेट मराठवाड्याशी नाते सांगता येते. निकॉनचे घराणे वयाने थोरले, १९१७ चे, पण त्यांना असे काही सांगता येत नाही; दुर्बिणी आणि भिंगे करता करता ते कॅमेऱ्याकडे वळले. आता गंमत पाहा. कॅननचा पहिला विक्रीचा कॅमेरा, हान्सा कॅनन, १९३६ साली बाजारात आला तेव्हा त्याच्या तोंडावर जी लेन्स होती ती निक्कोर, म्हणजे निकॉनच्या घरची. कॅननने जगाकडे पहिल्यांदा पाहिले ते निकॉनच्या डोळ्याने. यावरून हे भांडण दोन परक्यांचे नसून शुद्ध भाऊबंदकीचे आहे हे सिद्ध होते, आणि ते मिटत का नाही हेही मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आचारभेद मात्र कडक आहे. निकॉनने १९५९ साली लेन्स बसवण्याची जी खाच ठरवली ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आजोबांची लेन्स नातवाच्या कॅमेऱ्यावर चढते, मग तिच्यात स्वयंचलित फोकस असो वा नसो. कॅननने १९८७ साली जुनी खाच मोडीत काढून नवी आणली आणि जुन्या लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडले. एक सनातनी, दुसरा सुधारक. शिवाय लेन्स चढवायची ती कॅननवर समोरून पाहता उजवीकडे फिरवून आणि निकॉनवर डावीकडे. झूमचे कडेही उलटसुलट. उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असा हा भेद असून, एका दैवताची सवय झालेल्या हाताने दुसऱ्याची पूजा मांडली की ऐन वेळी झूम पुढे जाण्याऐवजी मागे येतो. खंड्या पाण्यात सूर मारतो, आणि फोटोत तळे येते.

आता मुख्य वादाकडे वळू. दोन्ही कॅमेरे सेकंदाला १० चित्रे घेतात. दोघांचाही शटर १/८००० सेकंदापर्यंत जातो. कॅनन २०१४ चा, २०.२ मेगापिक्सेलचा, निकॉन २०१६ चा, २०.९ चा. या ०.७ मेगापिक्सेलवर एक संपूर्ण अध्याय लिहिण्याचा मोह टाळला आहे.

सेकंदाला १० म्हणजे नेमके काय, हे मात्र नीट पाहिले पाहिजे, कारण सगळा गर्व तिथेच आहे. प्रत्येक चित्र १/१००० सेकंदाचे धरले तर १० चित्रांत मिळून सेकंदाचा फक्त शंभरावा भाग टिपला जातो. उरलेले ९९० मिलिसेकंद जगात काय घडले ते कॅमेऱ्याला ठाऊक नाही. कॅननचा आधीचा, २००९ चा सेव्हन डी सेकंदाला ८ चित्रे घेत असे. तो विकून ज्यांनी मार्क टू आणला त्यांनी रोकड मोजून दर सेकंदाला २ मिलिसेकंद जास्तीचे विकत घेतले. दहीहंडीत वरचा गोविंदा ५ मीटरांवरून सुटला तर खाली यायला साधारण एक सेकंद लागतो, तेव्हा पडण्याची १० चित्रे हमखास मिळतात. तिथे १० पुरेत. पण क्रिकेट घ्या. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. दोन चित्रांच्या मधल्या फटीत चेंडू ४ मीटर पुढे गेलेला असतो, एकाच चित्राच्या १/१००० सेकंदातही तो ४ सेंटिमीटर सरकतो आणि शेंदऱ्या आंब्यासारखा लांबट दिसतो. बॅटला चेंडू टेकतो तो सुमारे एक मिलिसेकंद. बोट दाबून ठेवून तो स्पर्श चित्रात सापडण्याची शक्यता हिशेबाने शंभरात दोन येते. कॅननला दोन, निकॉनलाही दोनच. सट्ट्यात याहून बरा भाव मिळतो.

मग फरक कुठे? फरक पोटात आहे. कॅनन न थांबता ३१ कच्ची चित्रे गिळतो, त्यानंतर त्याला उचकी लागते. निकॉन, एक्सक्यूडी नावाचे महागडे कार्ड घातले तर, २०० गिळतो. ही कार्डे मिळायला अवघड, त्यांचा रीडरही वेगळा, पण गिळतो हे खरे. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू मध्यरेषा ओलांडताच बोट दाबले तर कॅनन तिसऱ्या सेकंदाला धापा टाकतो, निकॉन विसाव्या. चढाईपटू मात्र दोघांनाही पुरून उरतो.

या संदर्भात एक प्रत्यक्ष उदाहरण नोंदवणे आवश्यक आहे. गावच्या मैदानावर, चुन्याच्या रेषेपासून हातभर अंतरावर, दोन पंथांचे दोन उपासक तरटावर मांडी घालून बसले होते. थोरल्याकडे कॅनन, धाकट्याकडे निकॉन. चढाईपटू बोनसला पाय घालायला वाकला आणि कोपऱ्यावरच्या गड्याने त्याचा घोटा धरला. आणखी दोघे वर पडले, धूळ उडाली, दोन्ही कॅमेरे तडतडले. मग दोन्ही माना एकाच वेळी खाली गेल्या आणि पाठीमागच्या पडद्यांना चिकटल्या.

“आली का रे?”

“आली अण्णा. तुमची?”

“धूळ आलीये. जरा थांब, मोठं करून बघतो.”

एवढ्यात ढिगाऱ्याखालून एक हात सरपटत निघाला, बोटांची टोके मध्यरेषेला लागली आणि पंचांनी शिट्टी मारली. तिघे बाद. मैदान उठून नाचू लागले तेव्हा अण्णांनी मान वर केली. मागे बसलेला एक शेंबडा पोरगा म्हणाला, “ओ काका, हात लागला की रेषेला! तुम्ही कुठं बघत होता?”

पोराचा प्रश्न वरवर उद्धट, पण तत्त्वतः अत्यंत खोल आहे. कारण बघण्याची अडचण मान खाली घालण्याआधीच सुरू झालेली असते. आरशाच्या कॅमेऱ्यात आपण जे पाहतो ते आरशावरून वर आलेले असते. बटण दाबले की आरसा उचलला जातो, मगच प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो, आणि तेवढा वेळ डोळ्यापुढे काळोख. म्हणजे जो क्षण चित्रात आला, नेमका तोच छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो. आणि जो त्याने डोळ्यांनी पाहिला तो चित्रात नसतो. फोकस शोधणारे यंत्रही आरशाच्याच खालच्या अंगाला बसवलेले, त्यालाही प्रकाश आरशाकडूनच मिळतो. आरसा वर गेला की तेही आंधळे. गडी आता कुठे असेल याचा ते आधीच्या हालचालींवरून अंदाज बांधते आणि लेन्स त्या अंदाजावर नेऊन ठेवते. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ हे प्रत्यक्ष प्रमाण येथे लागू होत नाही. सगळा कारभार अनुमानावर चालतो. नैयायिकांनी धूर पाहून अग्नी ओळखला. इथे धुरळा पाहून पकड ओळखायची.

तेव्हा खरी स्पर्धा आहे ती अनुमानाची, आणि इथे दोन घराण्यांची दर्शने वेगळी पडतात. कॅननने मेनूमध्ये सहा ‘केस’ दिल्या आहेत. विषयाच्या आड काही आले तर दुर्लक्ष करावे, अचानक घुसलेल्याकडे तत्काळ वळावे, वेग झपाट्याने कमीजास्त होत असेल तर असे वागावे, आणि असेच पुढे. सहाच का, असे विचारणाऱ्याने षड्दर्शने आठवावीत. यातले पहिले दर्शन सर्वसाधारण असल्याने नव्वद टक्के साधक आयुष्यभर तिथेच राहतात (टक्केवारी प्रस्तुत लेखकाची, आणि लेखकाचाही मुक्काम तिथेच). निकॉन एवढे फाटे फोडत नाही. तो विचारतो, समोरच्याची गती स्थिर की बेभरवशाची? आणि मध्ये कोणी आडवे आले तर वाट किती पाहू, १ ते ५ मध्ये सांगा. ज्याने संध्याकाळी लोकल पकडली आहे तो माणूस याचे उत्तर विचार न करता देऊ शकतो.

फोकसचे बिंदू कॅननकडे ६५, सगळे क्रॉस जातीचे. निकॉनकडे १५३, त्यांतले क्रॉस ९९. पण या १५३ पैकी आपल्याला निवडता येतात फक्त ५५. उरलेले ९८ आपल्या अधिकारात नाहीत, ते आपणहून मदतीला येतात. जाहिरातीत अर्थातच १५३ छापलेले असते. निकॉनचे बिंदू चौकटीच्या जवळजवळ दोन्ही टोकांपर्यंत पसरले आहेत, त्यामुळे बगळा चौकटीच्या कडेने निसटू लागला तरी सुटत नाही. हा त्याचा खरा गुण, आकडा नव्हे. अंधारातही निकॉन सरस. बंदिस्त सभागृहातल्या सामन्यात कॅननचे चित्र रवाळ होते तिथे निकॉनचे अजून सुसह्य असते. दिव्यांची लुकलुक दोघेही सांभाळतात: आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, आणि दोन्ही कॅमेरे उजेडाचा शिखरबिंदू पाहून शटर सोडतात.

वजन. बॅटरीसकट कॅनन ९१० ग्रॅम, निकॉन ८६०. या ५० ग्रॅमवर झालेल्या चर्चांचे वजन करण्याचे साधन उपलब्ध नाही. चर्चा करणारे लेन्स विसरतात. निकॉनवाला आपल्या ८६० ग्रॅमवर २००-५०० ची लेन्स चढवतो, ती एकटीच २.३ किलोची. कॅननवाल्याची १००-४०० दीड किलोच्या थोडी वर. भिगवणला नावेत बसून रोहितांची वाट पाहायची असेल तेव्हा पहिला तीन किलोंहून जास्त वजन मांडीवर घेऊन बसतो आणि दुसरा अडीच. पहिल्याला पोच अधिक मिळते, दुसऱ्याला मनगट शाबूत मिळते.

इथेच प्रबंधाचा गाभा येतो. कॅमेऱ्याच्या पेटीवर सगळा वाद आणि लेन्सवर सगळा खर्च, ही या शास्त्रातली मूळ विसंगती आहे. पेटी स्वतःची असते, लेन्स मागून आणलेली असते. म्हणून पहिले आणि सर्वांत बळकट प्रमाण म्हणजे साडूप्रमाण: साडूकडे ज्या घराण्याची लांब लेन्स आहे तेच आपले घराणे. साडूशी बोलणे बंद असल्यास आत्येभाऊ. दोघेही नसल्यास वरचे ६५ आणि १५३ हे आकडे विचारात घ्यावेत, अन्यथा ते केवळ पठणासाठी आहेत. साडू कॅननचा असून मत निकॉनचे पडत असेल, तर मत बाजूला ठेवावे. प्रमाणांत विरोध आला की लेन्स श्रेष्ठ.

प्रस्तुत लेखकाचा निर्णय, साडूनिरपेक्ष, असा: सभागृहातली कबड्डी, कुस्तीचा आखाडा, उतरत्या उन्हातली हंडी यांसाठी डी ५००, दिवसाउजेडी पायी फिरून पक्षी टिपायचे तर सेव्हन डी मार्क टू. पहिला यंत्र म्हणून उजवा आहे याबद्दल शंका नाही, दुसरा दिवसभर गळ्यात राहतो.

आता व्यवहार. दोघांचेही उत्पादन थांबले आहे, त्यामुळे ही निवड आता जुन्या मालातच करायची. दोन्ही शटरांची चाचणी २ लाख उघडझापींपर्यंत झालेली आहे, म्हणून विकणाऱ्याला आधी शटरचा आकडा विचारावा. २ लाख हे ऐकायला प्रचंड वाटते. सेकंदाला १० ने भागा, ५ तास ३३ मिनिटे भरतात. कसोटी सामन्याचा एक दिवस सहा तासांचा असतो. म्हणजे कोणी सकाळी बोट दाबून बसला तर शेवटची काही षटके कॅमेरा ईश्वराच्या भरवशावर काढेल. ‘फक्त लग्नात वापरलाय’ असे कोणी सांगितले, तर कोणाच्या लग्नात, आणि वरातीत बेंजो होता का, हे विचारावे.

शेवटी दुकान. हा सर्व निर्णय कागदावर मांडून, दोन्ही पक्षांची बलाबले तोंडपाठ करून काउंटरपुढे उभे राहावे. दुकानदार कपाटात डोकावतो, निकॉन कालच गेला म्हणतो, कॅनन पुढ्यात ठेवतो आणि त्याच श्वासात विचारतो, “साहेब, बॅटरी ओरिजिनल देऊ की चालणारी?”