झटका मशीन आणि दशरथाचा बाण

शेलूबाजारच्या परिसरात सोयाबीन निघालं आणि तूर फुलोऱ्यावर आली की गप्पांना एकच विषय उरतो: रोही, म्हणजे नीलगाय. कळप रात्रीतून येतो, खातो थोडं आणि तुडवतो फार. सकाळी धुऱ्यावर उभं राहून ते पाहिलं की माळकरी माणसाच्या मनातही शिकार येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी शिकारीला आहे, मनाला नाही. म्हणून मीही मनातल्या मनात धनुष्य उचलतो आणि तिथेच अडतो. धनुष्य घ्यायचं कोणतं?

नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. त्याच्या टोकांना चाकं असतात. दोरी पुरती ओढली की हातावरचा बराचसा भार उतरतो आणि नेम निवांत धरता येतो. हॉलेस ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याच्या देशात धनुष्याने शिकार करायला परवानगी आहे, त्यामुळे भांडणालाही आहे. साध्या लाकडी धनुष्यवाले चाकवाल्यांना नाकं मुरडतात: एवढी यंत्रं लावल्यावर तुमचं कसब ते काय उरलं?

मला हे पटतं. फक्त हरणाला विचारलं तर काय होईल, याची धास्ती वाटते. पारंपरिक कसबाचा बाण मांडीत घेऊन रानभर फिरण्यापेक्षा ते बहुधा चाकवाल्यालाच मत देईल. ‘वरीलपैकी कोणी नाही’ हे बटण असेल तर गोष्ट वेगळी.

आणि नुसत्या नेमाने भागत असतं तर आपल्या पुराणांतली निम्मी रडारड टळली असती. दशरथ शब्दवेधी. अंधारात घागर बुडाली, त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि बाण बरोब्बर लागला. पांडूचेही बाण चुकले नाहीत. मृगाच्या रूपातला किंदम ऋषी त्याला मरता मरता सांगतो की, मारलंस याबद्दल माझी तक्रार नाही, कोणत्या वेळी मारलंस याबद्दल आहे. दोन्ही राजांची हत्यारं उत्तम होती. सुटलेला बाण माघारी बोलवायची सोय तेवढी कुठल्याच भात्यात नव्हती.

ती सोय होती फासेपारध्यांकडे, ज्यांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी त्यांच्या शिकारीचा अभ्यास केला. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, अशी त्यांची रीत त्यांनी नोंदवली आहे. फासा दिसायला मागासलेला, पण तो जनावर धरून ठेवतो आणि माणसाला विचार करायला वेळ देतो. चाकांचं धनुष्यही वेळ देतं म्हणा, पण तो सगळा नेम धरण्यात जातो.

या कसोटीवर मला आमच्या बाजारातलं झटका मशीन आवडतं. “घेऊन टाका ना भाऊ, एक डाव झटका बसला का रोही पुन्हा धुऱ्यावर येत नाही,” दुकानदार सांगतो. बॅटरीवरचा हा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकतं आणि जिवंत परततं. काही जण मात्र खांबावरून थेट तारेत करंट सोडतात. त्याला समोर रोही आहे की पाणी पाजायला निघालेला शेजारी, हे कळत नाही. दशरथाने निदान कान तरी दिला होता.

आणि आता गावाजवळून समृद्धी महामार्ग गेलाय. तिथे ताशी एकशे वीसच्या वेगाला परवानगी आहे. दोरी ओढायला नको, नेम नको, शाप द्यायला ऋषीही थांबत नाही. वन्यप्राण्यांसाठी खालून वाटा आणि वरून पूल केलेत, ते चांगलंच. आमचा कळप अजून त्या भानगडीत पडलेला दिसत नाही. त्याला तूर अलीकडेच मिळते.