साडेसहा किलोमीटर अंधार

गणपतीपुळ्याच्या तीन दिवसांचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला होता. त्यात सूर्यास्तसुद्धा वेळेनिशी होता. चिरंजीवांनी (वय वर्षे ८) वाळूवर पहिलं पाऊल ठेवलं आणि तक्ता तिथेच संपला.

चिरंजीवांचे कान, नाक आणि तळवे आपल्यापेक्षा दसपट जागे असतात. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कातरल्याशिवाय शर्ट अंगात जात नाही. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला तो शेजाऱ्यांकडे असतो. आणि ओली वाळू म्हणजे, त्याच्याच शब्दांत, "पायाला चिकटणारा शिरा".

खरं तर मला धास्ती होती ती प्रवासाची. मांडवी एक्स्प्रेसमध्ये स्वारी कानांवर जाडजूड हेडफोन चढवून बसली. समोरच्या काकांनी दोनदा "स्कोअर काय झाला रे?" विचारलं. तिसऱ्यांदा मीच "दोनशे दहाला चार" सांगून टाकलं. काका खेडपर्यंत खूश होते.

उक्षी मागे पडलं की करबुडे बोगदा. कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटर. मी पाण्याची बाटली, दहीभाताचा डबा आणि कुलदैवत अशी तयारी करून बसलो. अंधार झाला. चिरंजीवांनी हेडफोन काढला, गाल खिडकीच्या गजाला लावला आणि भोके स्टेशन आल्यावर एकच शब्द काढला, "परत."

थेरपिस्टबाई म्हणाल्याच होत्या, की त्याला आवाजापेक्षा आवाजाचा अचानकपणा जास्त टोचतो. एकसारखी घरघर चालते. हॉटेलच्या हिरवळीवर त्या रात्री कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागला, तो एकसारखा नव्हता. मॅनेजर म्हणाला, "दहाला बंद होईल, साहेब." कुठल्या तारखेच्या दहाला, ते बोलला नाही. "आमच्या वेळी मुलांना असलं काही होत नसे" असं दुपारी ऐकवणाऱ्या आत्या तेव्हा कानांत कापूस घालून बाथरूममध्ये बसल्या होत्या. दार आतून लावून.

सकाळी हॉटेल सोडून आम्ही रत्नागिरी गाठली आणि थिबा राजवाड्यात शिरलो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचललं, १८८६ मध्ये इथे आणलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. आमचा तर नुसता ॲडव्हान्स बुडाला होता.

चिरंजीव थंडगार फरशीवर गाल टेकून सपशेल आडवे. मी लोकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, एवढ्यात एक आजोबा थांबले. "गार आहे का रे?" "खूप." आजोबांनी बायको पुढच्या दालनात गेल्याची खात्री केली आणि गुडघ्यांवर हात ठेवून हळूच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर मी संगमेश्वर रोडची जाऊन-येऊन तिकिटं मागितली.

"संगमेश्वरला कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. लगेच परत यायचंय."

खिडकीतल्या बाईंनी आधी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोकडे जरा सहानुभूतीनं.

मुंबईला परतताना करबुडे चौथ्यांदा आला. बोगदा सरला तसं शेजारच्या गृहस्थांच्या मोबाइलवर रील सुरू झालं. मग दुसरं. पाचव्याला मी चिरंजीवांपुढे हात पसरला, "पाच मिनिटं दे ना हेडफोन."

"तुझा तू आण," म्हणाला.