नेहमीचे काका

मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर उतरणारे बहुतेक पर्यटक खोलीत शिरल्याबरोबर मोबाइल चार्ज करायची जागा शोधतात. एक गृहस्थ मात्र खोलीत शिरतच नाहीत. बायको-मुलं पुढच्या पडवीत सामान उतरवत असतात, तेव्हा हे विहिरीला वळसा घालून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात जातात, गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलतात आणि म्हणतात, "काकू, आलो हो!" काकू मान वर न करता विचारतात, "या. रस्ता कसा होता?" दुसरा कोणी असता तर 'बरा होता' म्हणून मोकळा झाला असता. हे वडखळपासून सुरू करतात. मग नागोठणे, कोलाड, माणगाव असा एकेका ठिकाणचा पंचनामा होतो. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याचा एवढा एक फायदा यांना बिनतक्रार मिळालेला आहे: बोलायला विषय कमी पडत नाही. त्यांच्या बोलण्यात आंबेतचा पूल येईपर्यंत पातेल्यातली वालाची उसळ शिजलेली असते.

दिवेआगर, केळशी, दापोलीजवळचं मुरुड, गुहागर अशा गावांतून माड-पोफळीच्या वाडीत घर, मागच्या अंगाला चार-सहा खोल्या आणि फाटकावर 'घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय' अशी पत्र्याची पाटी, असा जो जुना मामला आहे, त्यातल्या प्रत्येक घराच्या वाट्याला असा एक तरी गृहस्थ येतोच. वय पंचावन्न ते सत्तर, राहणार डोंबिवली, ठाणे किंवा कोथरूड, नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर महापालिकेत झालेली. पहिल्या वर्षी ते पाहुणे होते, तिसऱ्या वर्षी 'नेहमीचे' झाले आणि आता काका आहेत. घरमालक वयाने मोठे असले तरी तेही त्यांना काकाच म्हणतात. लोकांचा समज असा, की हा माणूस जुन्याच्या प्रेमात आहे. थोडे कमी भाबडे लोक म्हणतात, चिकट आहे. मला दोन्ही पटत नाही. काका जुन्यासाठी येत नाहीत, स्वस्तासाठी येत नाहीत आणि समुद्रासाठी तर मुळीच येत नाहीत. (समुद्रात ते घोट्यापर्यंत जातात, तेही सूनबाईंना फोटो हवा असतो म्हणून.) ते येतात ज्येष्ठता उपभोगायला. नोकरीत सेवाज्येष्ठता निवृत्तीच्या दिवशी संपते. इथली मात्र दर मे महिन्याला एका वर्षाने वाढते.

जुन्याचं प्रेम म्हणावं तर पुरावा उलटा आहे. न्हाणीघरातला तांब्याचा बंब गेला आणि गीझर आला, हे दुःख ते प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवतात. गीझर बसवा म्हणून दोन मोसम मागे लागले होते तेही काकाच. कमोड त्यांच्या गुडघ्यांमुळे आला, म्हणून ती सोय. शेजारच्या खोलीत एसी आला, तो मात्र ऱ्हास. त्यांच्या लेखी जुनं म्हणजे ते पहिल्यांदा आले त्या साली जे होतं ते, अधिक पुढे त्यांना स्वतःला जे जे लागलं ते. त्यांच्या पहिल्या मुक्कामाच्या आदल्याच वर्षी मालकांनी शेणाने सारवलेली जमीन उकरून शहाबादी फरशी घातली असेल, तर शहाबादी फरशी ही कोकणची प्राचीन संस्कृती ठरते. दळणवळणाचंही तेच. सावित्रीच्या खाडीवर वेश्वी-बागमांडला आणि वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ-धोपावे अशा गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या आणि मोठमोठे वळसे वाचले. काका आपली गाडी त्याच बोटीवर चढवतात आणि पलीकडे उतरेपर्यंत, या बोटींनी गर्दी कशी वाढवली ते सांगत राहतात. "आम्ही यायला लागलो तेव्हा कोकण रेल्वेसुद्धा नव्हती" हा त्यांचा हुकमी दाखला. रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली हे खरंच आहे. पण दापोलीला ती आजही येत नाही. खेडला उतरून पुन्हा एसटी धरावीच लागते. आणि काका तर पहिल्यापासून गाडीनेच येतात. तेव्हा रेल्वे असण्या-नसण्याने त्यांच्या प्रवासात तसूभर फरक पडलेला नाही. पण ज्येष्ठता मोजायची तर कुठलीतरी तारीख हाताशी लागतेच.

चिकटपणाचा आरोप त्याहून लंगडा आहे. खोलीच्या भाड्यावरून ते घासाघीस करतात, हे कबूल. "काकू, आपल्याला कसला आलाय नवा दर?" हे वाक्य दरवर्षी होतंच. पण तिथे वाचवलेले पाचशे रुपये निघायच्या दिवशी आगळ, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि वीस नारळ यांत दामदुपटीने परत जातात, आणि डिकीत न मावलेले नारळ ठाण्यापर्यंत सूनबाईंच्या पायाशी गडगडत राहतात. पैसे वाचवणं हा हेतूच नसतो. इतरांपेक्षा आपला दर वेगळा असावा, एवढंच मागणं असतं. तो दहा रुपयांनी कमी असला तरी चालतो, फक्त बाजूच्या खोलीतल्यांना ते कळलं पाहिजे.

दखल घेण्याजोगा आक्षेप एकच, आणि तो जेवणाचा. "अहो, तिथल्या जेवणाची चव दुसरीकडे नाही!" यात तथ्य आहे, मात्र त्याचं कारण काकूंच्या हाताइतकंच हिशेबातही आहे. अशा घरात मेनूकार्ड नसतं. सकाळी घावन वाढता वाढताच विचारणा होते, "दुपारी जेवायला कितीजण? मोदक सांगायचेत का?" पानं मोजली जातात आणि तेवढाच भात चढतो. मोदक आधी सांगावे लागतात ते काही ताठा म्हणून नव्हे. उकड करून ठेवता येत नाही, ती गार झाली की पारीला चिरा पडतात. सोलकढीतलं नारळाचं दूध उन्हाळ्यात रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून ती लागेल तेवढीच काढायची. ज्या घरात रोज वीस-पंचवीस पानं उठतात, त्या घराला शिळं सांभाळणं परवडतच नाही; ताजं करण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. मोठ्या रिसॉर्टच्या बुफेला ही सक्ती नाही. तिथे तीस पदार्थ मांडलेले असतात, त्यातलं पनीर नागपुरात लागतं तसंच इथेही लागतं, आणि समुद्र फक्त खिडकीत असतो. शिवाय इथे नारळ वाडीतला, आमसुलं अंगणात वाळवलेली, आणि पानात डावीकडे जो आंब्याचा तक्कू असतो त्याचा आंबा पहाटे पडवीच्या पत्र्यावर पडलेला. एवढं सगळं मान्य करूनही काकांचा बचाव होत नाही, कारण हाच हिशेब आळीतल्या प्रत्येक घरी चालतो. शेजारचं घर मालकांच्या चुलतभावाचं. वाटणीत अर्धी वाडी तिकडे गेली, तेव्हा नारळही तेच आणि मसाल्याचं प्रमाणही एकाच आजीचं. काका तिथे आजवर जेवलेले नाहीत. तिथलं जेवण कसं असतं असं विचारलं तर नाकावरचा चष्मा जरा वर करून "ठीक असतं" म्हणतात. चवच हवी असती तर एक दिवस तिकडचं पान घेऊन पाहिलं असतं. पण तिकडे पुण्याहून आलेल्या नवख्या जोडप्याला, मोदक आधी नाकाशी मोडायचा, आत तूप सोडायचं आणि मग उचलायचा, चमच्याने कापायचा नाही, हे बजावण्याचा अधिकार त्यांना कोण देणार? इकडे असं जोडपं निमूट ऐकतं. तूप वाढणारी मुलगीसुद्धा काकांचं सांगून होईपर्यंत तुपाची वाटी धरून थांबते.

शहरात या माणसाचं काय चालतं, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. सोसायटीच्या सभेत त्यांच्या उपसूचनेला अनुमोदक मिळत नाही. ज्या बँकेत उमेदीची वर्षं गेली तिथेच आता टोकन घेऊन बसावं लागतं. घरात रिमोट नातवाकडे असतो. वर्षातले चार दिवस मात्र झोपाळ्यावर बसून त्यांनी काही सांगावं आणि चारचौघांनी ऐकावं, अशी जागा या वाडीत आहे. नातवंडांनी गाडीतल्या एसीबद्दल कुरकुर केली की धोंडो केशव कर्वे निघतात: मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेला, आणि वय लहान दिसतं म्हणून तिथे त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण काका ती अशा थाटात सांगतात, की बरोबर आणखी कोण होतं असा संशय यावा. बायकोची इथली निष्ठा निराळी आणि जास्त प्रामाणिक. चार दिवस ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही, हे ती उघड सांगते. मात्र काकूंच्या लेकीचे दिवस कधी भरतात आणि मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन का लांबलं, हे ठाऊक असतं ते तिलाच. काका ज्याला 'आमचा घरोबा' म्हणतात, तो सगळा तिने जमवलेला असतो.

मग एवढं मिरवणारं गिऱ्हाईक मालकांनी सोसावं कशाला? हॉटेलवाल्याने केव्हाच हात जोडले असते. पण इथला धंदा निराळा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली. पोफळीचं नवं रोप लावलं तर सुपारी हाती यायला पाच ते सात वर्षं जातात. माडही तेवढाच वेळ खातो. तिकडे करोनामुळे पर्यटकांची वाट बंद. असा घाला पडलेल्या घराकडे पहिल्यांदा कोण वळेल? मोबाइलवर तारे मोजून खोली घेणारा माणूस जिथे कौलं शाबूत आहेत तिथे जाईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. काकांना ते जमण्यासारखं नसतं. त्यांची ज्येष्ठता दुसऱ्या घरी बदली होऊन जात नाही. शेजारच्या फाटकातून आत शिरले तर ते पुन्हा पहिल्या वर्षाचे पाहुणे, पुढच्या दाराने यायचं आणि झाकण उचलायचं नाही. म्हणून छपरावर निळं प्लास्टिक असलं तरी ते इथेच येणार. त्यांची मिजास हाच मालकांचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता म्हणून रस्त्याचं वर्णन ऐकून घ्यावं लागतं.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या विरुद्ध आहे. मालकांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी परतला आहे. त्याला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, पाटी दिव्यांची करायची आहे, मोबाइलवर नाव नोंदवायचं आहे. काका म्हणतात, "गर्दी होईल." पोहण्याच्या तलावाचा विषय निघाला तेव्हा तर "विहीर आहे की!" म्हणाले. पण विहिरीत त्यांना उतरायचं नसतं, आणि पावसाळ्यात महिनोन् महिने रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचा हिशेबही त्यांना मांडायचा नसतो. घर चालवायचंय त्या मुलाला, बारा महिने. काकांना मान जरूर द्यावा. नकाशा मंजूर करायला त्यांच्यापुढे ठेवू नये.

तुम्ही येत्या मे महिन्यात अशा एखाद्या घरी उतरणार असाल तर मार्चमध्येच फोन करा, आणि माडीवरची वाडीच्या बाजूची खोली मागू नका. ती दिवाळीतच सांगून ठेवलेली असते. खालची मागची खोली मिळेल. पंखा तिथलाच जास्त चांगला आहे. मोदक मात्र आठवणीने स्वतः सांगा, कारण काकांनी सगळ्यांच्या वतीने सांगितले तर ते माणशी दोनच सांगतात.